यांना नका सांगू

"पाळकसाहेब, यांना नका सांगू," मालसुन म्हणाली. "कुणीही करा. यांना नको."

तिच्या नवऱ्याचे, मिन तेवानचे, डोळे तेव्हा मिटलेले होते. पाळकसाहेबांनी नुकतंच "एल्डरसाहेब, प्रार्थना तुम्हीच करा" म्हटलं होतं. खाटेभोवती उभ्या असलेल्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांनी माना खाली घातल्या होत्या. त्याने घसा साफ केला होता आणि पहिलं वाक्य जिभेच्या टोकाशी येऊन उभं राहिलं होतं. बायकोचे शब्द आधी त्याला कळलेच नाहीत. ऑपरेशन झाल्यापासून तिचा आवाज विरलेल्या कापडासारखा झाला होता, पाणी मागितलं तरी दोनदा विचारावं लागे. शेजारच्या खाटेवरची बाई काहीतरी म्हणाली असेल असं त्याला वाटलं. मग त्याने डोळे उघडले. मालसुन छताकडे बघत होती, शांतपणे, भाजीवाल्याला 'ही जुडी नको, ती दे' म्हणावं तितक्या सहज. कुणीतरी बारीक हसलं. पाळकसाहेब तरुण होते, गांगरले. "बरं बरं, आज मीच करतो," म्हणाले आणि घाईघाईने सुरुवात केली. ती प्रार्थना अगदीच सुमार होती. त्यांनी 'प्रभू' हा शब्द दर वाक्यात नको तिथे घातला, मधेच डॉक्टरांसाठी प्रार्थना केली, मग पुन्हा मालसुनकडे आले, आणि शेवटी काय म्हणायचं ते न सुचून एकदम आमेन म्हणून मोकळे झाले. मिनने पुन्हा डोळे मिटून घेतले होते आणि या सगळ्या चुका एकेक करून ऐकल्या. इतक्या चांगल्या ऐकल्या की आमेन म्हणायचं त्याचं राहून गेलं.

सगळ्यांना पोचवायला तो लिफ्टपर्यंत गेला. तांदळाच्या दुकानवाल्या बाईंनी त्याचा हात धरला. "मनावर नका घेऊ हं एल्डरसाहेब. आजारी माणूस काय वाट्टेल ते बोलतं. माझी सासू तर शेवटी शेवटी मला चोर म्हणायची. माझ्या समोर! मी भरवत असताना!" तो हसला, कमरेत वाकून त्यांना निरोप दिला. लिफ्टचं दार लागलं आणि तो त्या लांब, जंतुनाशकाच्या वासाच्या व्हरांड्यात एकटा उरला. ते वाक्य अजून तोंडातच होतं. 'प्रभू, तुझ्या अंगणातलं हे जुनं मडकं आता पाझरू लागलंय.' सकाळी बसमधून येताना सुचलं होतं. मालसुनचा जन्म गेला तो परसातल्या मडक्यांशी, सोयाबीनची चटणी मुरवण्यात, किमची दाबण्यात. ते ऐकल्यावर बायकांच्या डोळ्यांत पाणी आलं असतं. आता ते वाक्य फुकट गेलं, असं त्याच्या मनात आलं. हे मनात आलंय हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा त्याने भिंतीला हात लावला. बायको मरायला टेकलीय आणि आपल्याला वाईट वाटतंय ते वाक्याचं. बाहेर इंचन बंदराचं थंडीतलं पांढरट आकाश खिडकीला चिकटून होतं, ओहोटी लागलेली असावी, कारण दूरवर पाण्याऐवजी राखाडी चिखल दिसत होता आणि त्यात एक होडी कुशीवर कललेली होती. किती वेळ तो तिथे उभा होता कोण जाणे. एका नर्सने "आजोबा, बाथरूम त्या बाजूला आहे" म्हणून हाताला धरून वळवलं तेव्हा तो भानावर आला.

तीस वर्षं त्याने बंदराच्या कचेरीत जहाजांच्या कागदांवर शिक्के मारले. तिथे त्याचा आवाज कुणाला ठाऊकही नव्हता. साहेब त्याला नावाने हाक मारताना दर वेळी जरा थांबत, आठवावं लागल्यासारखे. जेवणाच्या सुट्टीत इतरांचे विनोद संपल्यावर तो हसायचा. आणि मग तरुणपणी एका रविवारी, कुणीतरी आजारी पडलं म्हणून, मंडळीपुढे उभं राहून प्रार्थना करायचं काम त्याच्यावर आलं.  तोंड उघडल्यावर जो आवाज बाहेर आला तो त्याचा त्यालाच नवा होता, खोल, थोडा ओलसर, घंटा वाजून गेल्यावर मागे रेंगाळतो तसा. समोरच्या बाकावरची एक म्हातारी हुंदका देऊन रडली. त्या दिवशी घरी परतताना मालसुनने त्याचा हात धरला होता, रस्त्यात, सगळ्यांदेखत. "मला ठाऊक नव्हतं, तुमच्यात असं काही आहे," ती म्हणाली होती. तेव्हा तिलाही तो आवाज आवडायचा. हे त्याला आता पक्कं आठवलं आणि त्याने त्या आठवणीला घट्ट धरून ठेवलं. मग हळूहळू त्याची तयारी सुरू झाली. शनिवारी संध्याकाळी तो समुद्राच्या भिंतीवरून फिरायला जाई आणि वाक्यं जुळवी. कुठे थांबायचं, कुठे आवाज पडू द्यायचा. तो स्वतःला सांगे, देवासमोर न्यायचं तर नीट धुऊन-पुसूनच न्यायला हवं, कुणी पाहुण्याला फुटक्या वाटीत भात वाढतं का? पुढे मंडळीने त्याला एल्डर, म्हणजे मंडळीतला वडील, नेमलं आणि लोक दुसऱ्या मंडळ्यांतून त्याची प्रार्थना ऐकायला येऊ लागले.

गर्वाचं पाप त्याला माहीत नव्हतं असं नाही. उलट, मोठ्या माणसांच्या वर्गात हा विषय तोच शिकवायचा. वाड्याच्या गच्चीवर उभं राहून 'हे नगर मी बांधलं' म्हणणारा बाबेलचा राजा, आणि मग बैलासारखा गवत खात, दवात भिजत हिंडणारा तोच राजा. हातात धूप घेऊन जिथे जायचं नाही तिथे गेलेला दुसरा राजा, ज्याच्या कपाळावर तिथल्या तिथे कोड उमटलं. मंदिरात पुढे उभा राहून 'मी इतरांसारखा नाही' म्हणून देवाचे आभार मानणारा कर्मठ परूशी, आणि मागे छाती पिटत उभा असलेला जकातदार. गर्वाबद्दल शास्त्रात जे जे आहे ते मिनला तोंडपाठ होतं, आणि तोंडपाठ असल्याचं त्याला मनातून कौतुक होतं. तो मुद्दाम शेवटच्या बाकावर बसायचा. उपासना चालू असताना दाराशी लोकांचे बूट वेडेवाकडे पडलेले असत, ते तो वाकून जोडीने लावून ठेवायचा. कुणी पाहिलं तर ओशाळल्यासारखं हसायचा. आता व्हरांड्यातून वॉर्डकडे परतताना पहिल्यांदाच त्याच्या मनात प्रश्न आला. कुणीच पाहत नसतं तर त्याने ते बूट लावले असते का? त्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. एखादा तरी दिवस, रिकामं चर्च, रिकामी ओसरी, कुणी नाही, आणि तो वाकलेला. असा एकही दिवस त्याला आठवेना. आणि तो जकातदार? छाती पिटताना त्याने डोळ्यांच्या कोपऱ्यातून कुणाकडे पाहिलं असेल का? शास्त्र ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो तिला पेज भरवत होता. तिने दोन चमचे घेतले आणि तोंड मिटून घेतलं. खाटेशेजारच्या अरुंद बाकड्यावर तो बसून राहिला. मग त्याला राहवेना.

"हेवॉनची आई, काल असं का म्हणालीस?"

"काय म्हणाले?"

"यांना नका सांगू म्हणून. चार माणसांत."

"चार माणसांत म्हटलं याचंच लागलंय ना तुम्हाला?" ती दमली, थांबली. मग म्हणाली, "अहो, मला भीती वाटते. रात्रंदिवस वाटते. देव जवळ असावा असं वाटतं. आणि तुम्ही बोलायला लागलात की मला नुसते तुम्हीच ऐकू येता. तो कुठे ऐकूच येत नाही."

त्याने वाटी खाली ठेवली. काहीतरी म्हणायला हवं होतं. त्याच्या मनात लगेच एक वाक्य तयार झालं, फार सुरेख, आणि त्याने ते गिळलं.

"हेवॉनच्या वेळेला मी बोलायला हवं होतं," ती छताला म्हणाली. "तेव्हा गप्प बसले. वाटलं, मोठं माणूस आहे, देवाच्या जवळचं आहे."

त्याला कळलं ती कशाबद्दल बोलतेय. ती गोष्ट घरात कधीच कुणी काढली नव्हती. सुगीच्या उपकारस्तुतीचा रविवार होता, वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, नव्या तांदळाची पोती रचलेली. त्याच आठवड्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलीने, लग्न न झालेल्या हेवॉनने, आपल्याला दिवस गेलेत असं सांगितलं होतं. घरात तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तिच्या खोलीचं दार बंद, त्याच्या खोलीचं दार बंद, मधे मालसुन हातात जेवणाचं ताट घेऊन. आणि रविवारी तो उभा राहिला आणि म्हणाला, 'प्रभू, माझ्याच घराच्या छपराला भोक पडलंय, मी दुसऱ्यांच्या घरांवर काय कौलं घालू?' पुढे त्याने सगळं सांगितलं. नाव घेतलं नाही, पण घ्यायची गरजच नव्हती. मुलगी, तिचं पोट, बापाची मान. सगळी मंडळी रडली. पुरुषसुद्धा रडले. नंतर लोकांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं की एवढं नम्र व्हायला केवढं धैर्य लागतं. ती त्याची सर्वांत चांगली प्रार्थना होती, अजूनही लोक तिची आठवण काढत. त्या रात्री त्याला गाढ झोप लागली. सोमवारी हेवॉन बॅग घेऊन निघून गेली. तो तेव्हा स्वतःला म्हणाला होता, मी देवापुढे सगळं ठेवलं, आता त्याची इच्छा. मुलीला त्याने देवापुढे ठेवलं नव्हतं. भोपळ्यांच्या शेजारी ठेवलं होतं, सगळ्यांनी बघावं म्हणून.

"मी तिला भेटते," मालसुन म्हणाली. "बाजारात जाते म्हणून सांगायचे ना, ते खोटं होतं. बुप्यॉंगच्या सार्वजनिक न्हाणीघरात जायचो आम्ही. ती, तिची लेक, मी. एकमेकींच्या पाठी घासून द्यायचो." तिच्या ओठांवर काहीतरी हललं. "तिथं गरम पाण्यात बसलं ना, अंगावर सुतभर कपडा नाही, कोण एल्डरीणबाई, कोण काय. तिथं देव यायचा. मी काही म्हणायची नाही. तोही काही म्हणायचा नाही."

इतक्या वर्षांत आपल्या बायकोच्या अंगाला येणारा तो साबणाचा वास बाजाराचा नव्हे हे आपल्याला कसं कळलं नाही? तो तिच्या शेजारी झोपत होता. पण बहुतेक शनिवारी वाक्यं जुळवत झोपत होता.

त्याने ठरवलं, आता खाली उतरायचं. पार खाली. तो पाळकसाहेबांच्या घरी गेला, जवाचं पाणी समोर ठेवलेलं तसंच राहिलं, आणि त्याने सांगितलं की मला एल्डरपद सोडायचंय, माझी लायकी नाही, मी आजवर देवाची नव्हे, माझ्या आवाजाची पूजा केली. सांगताना आवाज कापला. तो खरोखर कापला, त्यात काही बनाव नव्हता, हे त्याने स्वतःला पुन्हापुन्हा बजावलं. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. "एल्डरसाहेब, मी सेमिनरीत जे शिकलो नाही ते आज शिकलो." आणि पुढच्या रविवारी त्यांनी उपदेशात ते सांगितलं. नाव घेतलं नाही, पण सगळ्या माना मागे वळल्या, शेवटच्या बाकाकडे. मिनने मान खाली घातली. आणि तेव्हा, छातीच्या खाली कुठेतरी, हिवाळ्यात घरात शिरल्यावर तळपायांना खालून तापवलेल्या जमिनीची ऊब लागावी तशी ती ऊब त्याला लागली. ओळखीची, जुनी. त्याला किंचाळावंसं वाटलं. एक पायरी खाली उतरावं तर तीच पायरी वर नेणारी निघते. बाबेलच्या राजाला निदान गवत तरी खाता आलं. गवत खाताना त्याची अक्कल गेली होती, आपण किती नम्रपणे गवत खातोय हे त्याला कळत नव्हतं, म्हणून देव त्याला परत घेऊ शकला. इथे अक्कल जातच नाही. ती आत बसून सगळं बघते, आणि मान डोलावते.

उरली होती हेवॉन. तिचं बुप्यॉंगला केस कापायचं छोटं दुकान होतं, पत्ता मालसुनने सांगितला. तो गेला तेव्हा दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, ती खाली पडलेले केस झाडत होती. तिच्या कपाळाशी पांढऱ्या बटा आल्या होत्या. आपली मुलगी म्हातारी व्हायला लागली आणि आपण ते पाहिलं नाही, एवढंच त्याला सुचलं. तो आत आला, बूट न काढताच, आणि त्या केसांत गुडघे टेकून बसला. हात जमिनीवर, कपाळ हातांवर. बापाने मुलीपुढे असं करू नये, कुणीच करत नाही. तो म्हणाला, "मला क्षमा कर."

केरसुणीचा आवाज थांबला.

"उठा, बाबा."

तो उठला नाही.

"उठा म्हणते ना. इथे बघायला कुणी नाहीये."

ती रागावून म्हणाली नव्हती. दमल्या आवाजात, खरं तेवढं सांगावं तशी म्हणाली. तो उठला. पॅन्टच्या गुडघ्यांना कुणाकुणाचे केस चिकटले होते. तिने ओला फडका आणून दिला. "आई कशीय?"

"तुला विचारत असते."

"मी रोज सकाळी जाते. तुम्ही यायच्या आधी." तिने त्याच्याकडे नीट पाहिलं. "तिला तुमच्याकडून काही नकोय, बाबा. माफी नको, काही नको. तिला भीती वाटते. नुसता हात धरून बसा. जमेल?"

"जमेल," तो म्हणाला.

"नाही जमायचं," ती म्हणाली आणि पुन्हा झाडायला लागली. "पण बसा."

तो बसला. दुपारभर मालसुनचा हात धरून बसला. हात लहान, कोरडा, हाडांवर सैल झालेला. आईबापांना आणखी मुलगी नको होती म्हणून त्यांनी तिचं नाव मालसुन ठेवलं होतं, शेवटची. जन्मभर तिने ते नाव बिनतक्रार वापरलं. त्याने तिच्याकडे पाहिलं आणि काही क्षण खरंच काही नव्हतं, फक्त तो हात होता आणि तिच्या नाकातल्या नळीचा बारीक आवाज. मग आतून कुणीतरी म्हणालं, बघ, कसा बसलायस. आणि त्याला राहवेना.

"मी हेवॉनकडे गेलो होतो," तो म्हणाला. "तिच्यापुढे गुडघे टेकले. जमिनीवर."

मालसुनने डोळे उघडले. बराच वेळ ती त्याच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग नव्हता. आजारी मुलाकडे, ज्याच्यावर आता औषध चालत नाही, आई जसं बघते तसं होतं ते.

"मला सांगायला आलात होय," ती म्हणाली. तिने हात काढून घेतला नाही. पण त्यात आता पकड नव्हती.

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. शुद्ध जात-येत होती. तो घरी जाऊन परसातल्या मडक्यांची झाकणं उघडून बघायचा, पुन्हा लावायचा. पहाटे प्रार्थनेला जायचा आणि अंधारात बसून राहायचा. इतर लोक मोठ्याने रडत, देवाला हाका मारत, आणि तो ओठ घट्ट मिटून बसे. कारण तोंड उघडलं की जे येईल ते चांगलं येईल हे त्याला माहीत होतं. देवा, मला वाईट बोलता येऊ दे, एवढंच त्याला मागायचं होतं. पण हेही किती छान वाक्य आहे, असं लगेच वाटून ते मागणं तिथेच मरायचं. देव गर्विष्ठांच्या विरुद्ध उभा राहतो, असं तो वर्गात शिकवायचा. विरुद्ध उभा राहिला तर निदान तो दिसेल, त्याला आता वाटे. समोर कुणीच नव्हतं. जिकडे बघावं तिकडे तोच होता, मिन तेवान, ऐकत बसलेला.

नर्सने बोलावणं पाठवलं ते एका दुपारी. तो पोचला तेव्हा पडदा ओढलेला होता, हेवॉन आईच्या उशाशी उभी होती. मागोमाग पाळकसाहेब आणि मंडळीतल्या बायका धापा टाकत आल्या. मालसुनचा श्वास लांब लांब अंतराने येत होता, मधे इतकी जागा की प्रत्येक वेळी वाटावं, संपलं.  पाळकसाहेब मिनकडे बघत होते. बायकाही बघत होत्या. त्याने मालसुनचा हात धरला आणि डोळे मिटले. आणि शब्द आले नाहीत. तो थक्क झाला. मडकं नाही, छप्पर नाही, काही नाही. आत पहिल्यांदाच रिकामं होतं, ओहोटीनंतरच्या चिखलासारखं सपाट, आणि त्या रिकाम्या जागेवर कुणाचं तरी पाऊल आता उमटेल की काय असं त्याला वाटलं. कदाचित हेच असेल. कदाचित न्हाणीघरात तिच्याकडे येणारा हाच असेल. तो श्वास रोखून थांबला.

तेवढ्यात एका बाईचा हुंदका आला. मग दुसरीचा. तांदळाच्या दुकानवाल्या बाई पुटपुटल्या, "शब्दच उरले नाहीत हो त्यांच्याकडे." पाळकसाहेबांनी नाक ओढलं. खोली भरून आली होती. हे सगळं त्याने डोळे मिटल्या मिटल्या ऐकलं, कोण कुठे उभं आहे, कोण किती रडतंय. आणि त्याने ती शांतता आणखी थोडी लांबवली.

डोळे उघडले तेव्हा मालसुनचा चेहरा दुसरीकडे वळलेला होता, मुलीच्या बाजूला. तोंड किंचित उघडं. हेवॉन तिच्या कपाळावरचे केस मागे सारत होती. सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना एकटी ती आईकडे बघत राहिली असावी.

"केव्हा?" त्याने विचारलं.

"मघाशीच."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही प्रार्थना करत होतात ना," हेवॉन म्हणाली आणि पहिल्यांदाच तिने सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती. पाळकसाहेबांचा हात त्याच्या खांद्यावर आला. बायका पुन्हापुन्हा डोळे पुशीत त्याच्याकडे बघत होत्या. 'नव्हतो करत', एवढे दोनच शब्द होते, ओबडधोबड, त्यांत कुठे थांबायचं नव्हतं की आवाज पाडायचा नव्हता. ते त्याच्या ओठांपर्यंत आले. मालसुनचा हात अजून त्याच्या हातात होता, अजून थोडा कोमट.

"हो," तो म्हणाला.